इंचाच्या हजाराव्या भागाचा माणूस

लंडनजवळच्या ब्रुकलँड्स इथली मोटारींची धावपट्टी सुरू होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. २९ फेब्रुवारी १९०८ रोजी तिथे तीन अमेरिकी मोटारींची परीक्षा सुरू झाली. कॅडिलॅक कंपनीच्या 'के' मॉडेलच्या या गाड्या म्हणजे एका सिलिंडरच्या, साधारण दहा अश्वशक्तीच्या साध्या गाड्या. फ्रेडरिक बेनेट हे त्यांचे इंग्लंडमधले विक्रेते. त्यांच्याकडे विक्रीसाठी आलेल्या गाड्यांमधून रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच या तीन निवडून घेतल्या होत्या. गाड्यांना आधी धावपट्टीवर फेऱ्या मारायला लावलं आणि मग तिन्ही पूर्ण खोलल्या. एकेका गाडीचे ७२१ भाग, असे तिन्हींचे मिळून २१६३ भाग एकत्र मिसळून टाकले. त्यातले जवळपास नव्वद भाग क्लबने बाजूला काढले आणि त्यांच्या जागी बेनेट यांच्या साठ्यातले सुटे भाग घातले.

मग मेकॅनिकांना त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडायला सांगितलं. हातात फक्त पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. कानशीला परवानगी नव्हती, त्यामुळे कुठला भाग घासून बसवण्याचा प्रश्नच नव्हता. गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा एकाच गाडीत वेगवेगळ्या रंगांचे भाग असा प्रकार झाला होता. पण तिन्ही सुरू झाल्या आणि पुढे प्रत्येकीने पाचशे मैलांची दौड पूर्ण केली. १३ मार्चला परीक्षा संपली आणि त्या कामगिरीसाठी क्लबने कॅडिलॅकला ड्यूवर ट्रॉफी दिली. मोटारींच्या जगात त्या काळी याहून मोठा सन्मान नव्हता.

यात एवढं काय होतं, हे आज चटकन ध्यानात येणार नाही. गाडीचा एखादा भाग बिघडला की दुकानातून त्याच नंबरचा नवा आणायचा आणि बसवायचा, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. तेव्हा तसं नव्हतं. युरोपातल्या उत्तमोत्तम गाड्या कुशल फिटर एकेक करून जुळवत. पिस्टन सिलिंडरमध्ये जात नसेल तर तो घासायचा, दातेचक्र अडत असेल तर त्याचे दाते कानशीने मोकळे करायचे. एका गाडीचा पिस्टन त्याच कारखान्यातल्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत बसेलच अशी खात्री कारखान्याचा मालकही देऊ शकत नसे. गाडी बिघडली तर तिचा नवा भाग पुन्हा हातानेच घडवावा लागे. अशी वस्तू श्रीमंतांकडेच राहणार. ब्रुकलँड्सला सिद्ध झालं ते एवढंच की गाडी अशीही बनवता येते, जिचा प्रत्येक भाग दुसऱ्या कोणत्याही गाडीत बसेल. मोटार सामान्य माणसापर्यंत पोहोचण्याची वाट इथूनच गेली, असं माझं ठाम मत आहे. तरीही ज्या माणसामुळे हे शक्य झालं, त्या हेन्री मार्टिन लेलँड यांचं नाव आपल्याकडे क्वचितच कानावर येतं.

लेलँड यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८४३चा, अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या बार्टन गावाजवळचा. घर शेतकऱ्याचं आणि धार्मिक शिस्तीचं. कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावी आलं आणि मुलगा तिथल्या क्रॉम्प्टन यांच्या मागांच्या कारखान्यात काम शिकू लागला. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत हत्यारं बनवण्याच्या कामाला लागला. पुढे हार्टफर्डला कोल्ट यांच्या पिस्तुलांच्या कारखान्यातही त्याने काम केलं.

शस्त्रशाळेचं हे शिक्षण नीट समजून घ्यायला हवं, कारण लेलँड यांच्या पुढच्या आयुष्याची मुळं तिथेच आहेत. रणांगणावर बंदुकीचा घोडा तुटला तर तिथे फिटर कुठून आणणार? त्यामुळे एका बंदुकीचा भाग दुसरीत बसलाच पाहिजे, हा आग्रह अमेरिकी लष्कराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून धरला होता. त्यासाठी मापाचे साचे, ठरावीक गेज आणि एकच काम पुन्हा पुन्हा अचूक करणारी यंत्रं तयार झाली. हीच रीत पुढे शिवणयंत्रांत आली, नंतर सायकलींत. लेलँड त्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर हजर होते.

१८७२ साली ते ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरी ब्राउन अँड शार्प या कंपनीत गेले. यंत्रं आणि मोजमापाची साधनं बनवणारी ही नामांकित कंपनी. हाताच्या मुठीत मावणारा मायक्रोमीटर अमेरिकेतल्या कामगारांच्या हाती आला तो प्रामुख्याने हिच्यामुळे. तिथे लेलँड शिवणयंत्रांच्या विभागाचे प्रमुख झाले. न्हाव्याच्या हातातलं केस कापायचं यंत्र हेही त्यांच्याच त्या काळातल्या कामाचं फळ म्हणून सांगितलं जातं. जवळपास अठरा वर्षं ते तिथे होते. आपल्याकडे भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये टर्नर आजही 'अजून दोन थाऊ काढ' म्हणतो, ते थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. प्रॉव्हिडन्समध्ये लेलँड यांची नजर याच मापावर पक्की झाली.

१८९० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, रॉबर्ट फॉकनर यांच्या भांडवलावर त्यांनी डेट्रॉइटमध्ये स्वतःचा कारखाना काढला. दातेचक्रं, ग्राइंडिंग, ओतीव भाग अशी कामं तिथे होत. सायकलींचा जोर होता तेव्हा साखळीऐवजी दातेचक्रांवर चालणाऱ्या सायकलींसाठी त्यांची अचूक दातेचक्रं नावाजली गेली. शतक बदललं तसे मोटारवाले दारात आले. रॅन्सम ओल्ड्स यांच्या ओल्ड्समोबिल गाडीसाठी इंजिनं पुरवायचं काम मिळालं. इतरांकडूनही त्याच आराखड्याची इंजिनं ओल्ड्स घेत असत. आराखडा एकच असूनही लेलँड यांचं इंजिन जास्त ताकद देई, कारण भाग जास्त काटेकोर होते आणि घर्षणात कमी शक्ती वाया जात होती. याच इंजिनात सुधारणा करून त्यांनी सुमारे दहा अश्वशक्तीचं नवं इंजिन तयार केलं. कारखान्यात फेरबदल करायला लागतील म्हणून ओल्ड्स यांनी ते घेतलं नाही.

ते इंजिन वाया जाणार नव्हतं. १९०२च्या मार्चमध्ये हेन्री फोर्ड भागीदारांशी न पटल्याने आपल्याच नावाच्या हेन्री फोर्ड कंपनीतून बाहेर पडले. उरलेल्या भांडवलदारांना कंपनी गुंडाळायची होती. यंत्रांची किंमत ठरवायला विल्यम मर्फी आणि लेम्युएल बोवेन यांनी त्या ऑगस्टमध्ये लेलँड यांना बोलावलं. लेलँड यांनी किंमत काढली खरी, पण कारखाना विकू नका, असा सल्लाही दिला आणि आपलं इंजिन समोर ठेवलं. कंपनी नव्याने उभी राहिली. डेट्रॉइटला १७०१ साली वसवणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव तिला दिलं: कॅडिलॅक. पहिली गाडी त्याच ऑक्टोबरात तयार झाली. १९०३च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात ती साडेसातशे डॉलरला मांडली आणि दोन हजारांहून अधिक मागण्या नोंदल्या गेल्या. १९०५ साली लेलँड यांचा कारखाना आणि कॅडिलॅक एकत्र झाले आणि कारभार त्यांच्याकडे आला.

कॅडिलॅकच्या कारखान्यात माप हाच कायदा होता. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसन यांनी स्टीलचे अतिशय अचूक ठोकळे बनवले होते. आपल्या वर्कशॉपमध्ये ज्यांना स्लिप गेज म्हणतात, तेच हे. अमेरिकेत ते सुरुवातीला वापरणाऱ्यांमध्ये लेलँड होते. आल्फ्रेड स्लोन तेव्हा हायट कंपनीतर्फे रोलर बेअरिंग विकत. त्यांनी आठवणींत एक भेट सांगितली आहे. पांढऱ्याशुभ्र दाढीचे लेलँड समोर बसलेले, टेबलावर हायटची बेअरिंगं आणि हातात मायक्रोमीटर. एकेका बेअरिंगचं माप घेऊन ते दाखवत गेले की ठरलेल्या मर्यादेबाहेर माल गेला आहे. हजार बेअरिंगांतली पहिली काही बरोबर आहेत म्हणून भागत नाही, सगळी बरोबर हवीत, असा त्यांचा आग्रह होता. स्लोन पुढे जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले आणि आपण तिथून बरंच शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. गुणवत्तेची गोष्ट आज सर्वजण बोलतात. पण पुरवठादाराच्या डोळ्यासमोर त्याचाच माल मोजून दाखवणं आणि तो परत पाठवणं, ही सवय मोटार उद्योगाला लावणाऱ्या माणसांत लेलँड यांचं नाव पहिलं घ्यायला हवं.

१९०९च्या जुलैमध्ये विल्यम ड्युरंट यांच्या जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली. सौदा पंचेचाळीस लाख डॉलरांहून कमी नव्हता. लेलँड आणि त्यांचा मुलगा विल्फ्रेड यांनी कारखाना पूर्वीसारखाच चालवावा, अशी मोकळीक ड्युरंट यांनी दिली.

त्यानंतरची मोठी गोष्ट म्हणजे हँडल गेलं. त्या काळी गाडी सुरू करायला पुढे उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट, हात, जबडा मोडे. लेलँड यांचे परिचित मोटार कारखानदार बायरन कार्टर एका बाईची बंद पडलेली गाडी सुरू करून देताना असेच जखमी झाले आणि त्यातच गेले, अशी हकिगत सांगतात. तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद असले, तरी लेलँड यांना हँडल नकोसं झालं होतं हे नक्की. ओहायोतल्या डेटन गावचे चार्ल्स केटरिंग यांच्याकडे उत्तर होतं. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्यांनी विजेवर चालवलं होतं. तिथे छोटी मोटर काही क्षणच जोर लावते आणि थांबते. इंजिन फिरवायलाही तेवढंच पुरेसं आहे, हे त्यांनी ओळखलं. इतरांची मोठमोठी, जड यंत्रं याच ठिकाणी अडली होती. केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने एकाच योजनेत स्टार्टर, बॅटरी भारित करणारा जनरेटर, प्रज्वलन आणि दिवे बसवले. १९१२ सालच्या मॉडेलपासून कॅडिलॅक हँडलशिवाय सुरू होऊ लागली आणि कंपनीला दुसऱ्यांदा ड्यूवर ट्रॉफी मिळाली. स्त्रियांना आणि वयस्कांना आता कोणाच्या मदतीशिवाय मोटार बाहेर काढता येऊ लागली. विजेवर चालणाऱ्या त्या काळच्या गाड्यांचा मोठा फायदा म्हणजे हँडल नसणं. तोही आता उरला नाही.

१९१४ साली कॅडिलॅकने आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. स्कॉटिश अभियंता डी. मॅकॉल व्हाइट यांच्या मदतीने घडलेल्या या इंजिनाने अमेरिकेतल्या महागड्या गाड्यांची दिशाच ठरवून दिली.

मग महायुद्ध आलं. १९१७ साली अमेरिका त्यात उतरली आणि विमानांसाठी लिबर्टी नावाचं बारा सिलिंडरचं इंजिन हवं होतं. ड्युरंट यांनी आधी नकार दिला. लेलँड यांना ते पटलं नाही आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते मुलासह बाहेर पडले. नव्या कंपनीला त्यांनी लिंकन हे नाव दिलं. १८६४ साली आयुष्यातलं पहिलं मत त्यांनी अब्राहम लिंकन यांनाच दिलं होतं. सरकारच्या आगाऊ रकमेवर कारखाना उभा राहिला आणि युद्ध संपेपर्यंत हजारो इंजिनं तयार झाली.

युद्ध थांबताच कारखान्यासमोर काम उरलं नाही, म्हणून लिंकन मोटार आली. १९२० साली बाजारात उतरलेल्या या गाडीचं इंजिन अप्रतिम होतं, पण तिचं बाहेरचं रूप जुनाट होतं. या बाबतीत लेलँड कमी पडले, असं मला वाटतं. ते आतल्या भागांचं माप बघत राहिले आणि गाडी डोळ्यांनाही भावली पाहिजे याचं महत्त्व त्यांना उमगलं नाही. शिवाय मनासारखा भाग होईपर्यंत गाडी बाहेर सोडायची नाही, या हट्टाने विक्रीला उशीर झाला. त्याच वेळी मंदी आली आणि युद्धकाळातल्या नफ्यावरचा लाखो डॉलरांचा कर मागणारी सरकारी नोटीसही आली. १९२१च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीच्या व्यवस्थेत गेली.

४ फेब्रुवारी १९२२ रोजी हेन्री फोर्ड यांनी ती ऐंशी लाख डॉलरला विकत घेतली. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या सोडून दिलेल्या कंपनीतून कॅडिलॅक उभी राहिली, ते फोर्ड आता मालक झाले. लेलँड पितापुत्रांना कारभारात ठेवायचं ठरलं होतं, पण ते टिकलं नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दोघांना बाहेर काढलं गेलं. आपल्यावर विश्वास ठेवून पैसे गुंतवणाऱ्या भागधारकांना त्यांचं परत मिळावं, म्हणून लेलँड यांनी पुढची अनेक वर्षं कोर्टात लढा दिला. निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही. २६ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ८९व्या वर्षी, डेट्रॉइटमध्ये त्यांचं निधन झालं.

आज कॅडिलॅक जनरल मोटर्सकडे आणि लिंकन फोर्डकडे आहे. प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या या दोन महागड्या गाड्यांचा आरंभ एकाच माणसाच्या हातून झाला. आपल्या आयटीआयमध्ये आणि तंत्रनिकेतनांत मापन हा विषय शिकवला जातो, विद्यार्थी मायक्रोमीटर हाताळतात, स्लिप गेज जुळवतात. त्यांना शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की पहिल्याच तासाला ब्रुकलँड्सच्या त्या ढिगातल्या २१६३ भागांची आणि हेन्री लेलँड यांची गोष्ट जरूर सांगावी.