एक्सप्लेनर : काम वाटून घेतलं, तरी शेजाऱ्याचं काम डोक्यात का घोळतं?

काम दोघांत वाटलं की ताणही निम्मा होतो, असं आपण धरून चालतो. 'तू तुझं बघ, मी माझं बघतो.' पण आपला मेंदू ही वाटणी इतक्या सरळ मानत नाही. कसं ते समजून घेऊ.

'सायमन इफेक्ट' म्हणजे काय?
समजा, स्क्रीनवर हिरवा ठिपका आला की डावं बटण दाबायचं आणि लाल आला की उजवं. ठिपका कुठे दिसतो, याचा कामाशी संबंध नाही. तरीही हिरवा ठिपका उजवीकडे दिसला की बोट किंचित अडखळतं. रंग सांगतो डावं, जागा सांगते उजवं. या ओढाताणीत काही मिलिसेकंद जातात. जे. रिचर्ड सायमन यांनी १९६०च्या दशकात हे दाखवून दिलं, म्हणून हे नाव.

एकच बटण दिलं तर?
एकट्याला फक्त हिरव्याचं बटण दिलं तर निवडच उरत नाही. उशीर जवळपास नाहीसा होतो.

शेजारी कुणी बसलं तर?
नताली सेबान्झ, गुंथर क्नोब्लिख आणि वोल्फगांग प्रिन्झ यांनी २००३ मध्ये हेच तपासलं. ठिपक्याऐवजी त्यांनी अंगठी घातलेल्या बोटाचा फोटो दाखवला. अंगठीच्या रंगावर बटण दाबायचं होतं. बोटाची दिशा बिनकामाची. एक रंग एकाकडे, दुसरा शेजाऱ्याकडे. प्रत्येकाचं काम एकट्यानं करताना होतं तेवढंच. तरीही उशीर परत आला. त्यांचा अर्थ असा : शेजाऱ्याचं कामही आपण मनात आपल्या कामासारखंच मांडतो.

मग वाद कशावर?
टोमास डोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये माणसाऐवजी हात हलवणारं जपानी खेळण्यातलं मांजर ठेवलं. तरी परिणाम दिसला! त्यांच्या मते, बाजूला लक्ष वेधणारं काहीही असलं की मेंदू 'माझं उजवीकडचं' अशी नोंद करतो आणि जागेचा गोंधळ सुरू होतो. पण माणसाचा संबंध नाहीच, असंही नाही. २००९च्या एका प्रयोगात शेजारी प्रेमळ वागला तेव्हा परिणाम दिसला, धाक दाखवणारा होता तेव्हा नाही.

आपल्यासाठी काय?
हा फरक मिलिसेकंदांचा आणि प्रयोगशाळेतला आहे. त्यावरून ऑफिसची बैठक ठरवता येणार नाही. पण एक गोष्ट कळते. शेजारी बसलेल्याकडे लक्ष गेलं, म्हणजे माणूस निष्काळजी आहे असं नाही. 'लक्ष दे' म्हणून ओरडण्याआधी त्याच्या बाजूला काय चाललंय, तेही बघायला हवं.