तारेचा राखणदार

कॉकपिटमध्ये डोक्यावर नि पाठीमागे काळ्या बटणांच्या रांगा दिसतात. एकेक बटण करंगळीच्या नखाएवढं, माथ्यावर पांढरा आकडा: 3, 5, 15. तितके अँपिअर त्याची मर्यादा. हे सर्किट ब्रेकर. मर्यादा फार ओलांडली की बटण टक्कन बाहेर येतं. मानेवरचा पांढरा पट्टा उघडा पडतो. अंधारातही नुसता हात फिरवला तर कळतं, कोणतं वर आलंय.

आत काय असतं? एकमेकांना जोडलेल्या दोन धातूंची पट्टी. प्रवाह वाढला की ती तापते, एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो, पट्टी वाकते आणि खिट्टी सुटते. ना चिप, ना सॉफ्टवेअर! मोटर सुरू होताना प्रवाह क्षणभर उसळतो, तेव्हा मात्र ती ढिम्म हलत नाही, कारण तापायला वेळ लागतो. हा आळस मुद्दाम ठेवलेला. आणि कुणी बटण जबरदस्तीने दाबून धरलं, तरी आतला जोड तुटायचा तो तुटतोच.

हे बटण उपकरण वाचवण्यासाठी असतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते वायर वाचवतं. एअरबस ए380 मध्ये सुमारे 530 किलोमीटर वायर आहे, बरीचशी कुणाला न दिसणाऱ्या पोकळ्यांतून गेलेली.

पण पट्टीच्या त्या आळसाचा फायदा वायरीतली ठिणगी घेते. 2 सप्टेंबर 1998 रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं एमडी-11 कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. 229 जण गेले. कॉकपिटमध्ये वास आल्यापासून जेमतेम 21 मिनिटांत. कॉकपिटच्या छतामागे वायरीत ठिणग्या उडाल्या आणि उष्णतारोधक अस्तराच्या आवरणाने पेट घेतला. अशी ठिणगी हजारो अंश तापते, पण टिकते इतकी थोडी की पट्टी वाकायच्या आतच विझते. तेवढ्यात आग लागलेली असते.

म्हणून नवे ब्रेकर उष्णतेची वाट पाहत बसत नाहीत. अनेक विमानांत वीज सेकंदाला 400 आवर्तनं घेते, आपल्या घरी 50. त्या आवर्तनांच्या लाटेत ठिणगीमुळे पडलेले ओरखडे हे ब्रेकर ओळखतात आणि वीज तोडतात. मला तर ही नाडीपरीक्षाच वाटते.

बाहेर आलेलं बटण उडत्या विमानात वैमानिक सहसा पुन्हा दाबत नाहीत. अगदीच निकड असली तर एकदा, दुसऱ्यांदा नाही. इंधनपंपाच्या बटणाला तर हातही लावत नाहीत.