कॉम्प्युटरमधून टकटक, गुणगुण, चरचर: कोणता आवाज धोक्याचा आणि कोणता नाही?

पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की सेवा केंद्रांबाहेर रांगा लागतात. नेमकं अशा वेळी टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधून 'टक टक' किंवा 'चर्र' असा आवाज यायला लागला तर काय करायचं? काम तसंच पुढे रेटायचं की लगेच बटण बंद करायचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आणखी महत्त्वाचा ठरतो. राळेगाव हा कापसाचा पट्टा. मे महिन्यात इथला पारा ४० अंशांच्या बराच वर असतो, हंगामात हवेत कापसाचे तंतू उडतात आणि व्होल्टेज कमी-जास्त होणंही लोकांच्या सवयीचं झालंय. या तिन्ही गोष्टी कॉम्प्युटरच्या मुळावर येणाऱ्या आहेत. त्यात एखादा सुटा भाग हवा असेल तर अनेकदा यवतमाळ किंवा नागपूरकडे बघावं लागतं. त्यामुळे आवाज ओळखता आला तर पैसे वाचतात, डेटा वाचतो आणि काही वेळा जीवही वाचू शकतो.

आधी हे बघा: आवाज कधी येतो?

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, यावरून बिघाड लवकर सापडतो. त्यासाठी चार गोष्टी तपासा.

- कॉम्प्युटर बंद आहे, पण भिंतीवरचा स्विच चालू आहे, तेव्हाही आवाज येतो का? येत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे विजेची तार जिथे जोडतात त्या पत्र्याच्या डब्यावर, किंवा यूपीएसवर घ्या.
- गेम किंवा व्हिडिओ सुरू केल्यावर आवाज बदलतो का? बदलत असेल तर तो बहुधा ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड किंवा एसएमपीएसमधल्या कॉइलचा आहे.
- स्पीकरची वायर काढली की आवाज थांबतो का? थांबला तर कॅबिनेट उघडायची गरज नाही.
- लाइट गेल्यावर, यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच आवाज वाढतो का? तसं असेल तर कारण बहुधा कॉम्प्युटरच्या बाहेर आहे.

आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला वर्तमानपत्राची सुरळी पुरते. तिचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक कॅबिनेटच्या बाहेरून फिरवा. स्क्रू ड्रायव्हर किंवा कुठलीही धातूची वस्तू वापरू नका.

बारीक शिट्टी किंवा गुणगुण: बहुतेक वेळा निरुपद्रवी

लोखंडाला चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की त्याची लांबी अगदी किंचित बदलते, हे जेम्स जूल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये दाखवलं होतं. कॉम्प्युटरमधल्या कॉइलमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होते. त्या चुंबकीय बलामुळे कॉइलची तार आणि गाभा कंप पावतात. एरवी हा कंप माणसाला ऐकू येत नाही. पण त्याचा वेग २० ते २०,००० हर्ट्झच्या मध्ये आला की बारीक शिट्टी ऐकू येते. यालाच 'कॉइल व्हाइन' म्हणतात.

हा आवाज कामाच्या ताणाप्रमाणे बदलतो. तो नुसता कानाला त्रास देतो. त्यामुळे कॉम्प्युटर खराब होत नाही. गेममध्ये फ्रेम रेटवर मर्यादा घातली तर तो बरेचदा कमी होतो.

जाड आवाजातला 'हूंऽऽ' मात्र वेगळा. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. प्रत्येक फेऱ्यात लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झने गुणगुणतो. डीपीजवळ उभं राहिल्यावर ऐकू येतो तोच हा आवाज. ट्रान्सफॉर्मर असलेल्या यूपीएस आणि स्टॅबिलायझरमधून तो थोडासा येणारच. स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर लाइट गेल्यावर जी वीज देतात तिची लहर गुळगुळीत नसते, त्यामुळे तेव्हा एसएमपीएसही जास्त गुणगुणतो. पण रोजच्यापेक्षा आवाज अचानक वाढला, डबा हाताला भाजायला लागला, तर तपासून घ्यावं.

स्पीकरमधली घरघर

जुना टू-जी फोन स्पीकरजवळ ठेवला आणि कॉल येणार असला की 'डिग-डिग-डिग' ऐकू येतं. असा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्या-तुकड्याने संदेश पाठवतो आणि स्पीकरची वायर अँटेनासारखी तो पकडते. फोन लांब ठेवला की काम झालं. सतत घरघर येत असेल तर कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन वेगळ्या बोर्डांवर आहेत का ते बघा. दोन्ही एकाच बोर्डावर आणल्यावर घरघर अनेकदा थांबते.

टक... टक... टक: आधी बॅकअप

सलग, ठरावीक अंतराने येणारा 'टक टक' आवाज यूपीएसचा असेल तर व्होल्टेज वर-खाली होतंय आणि आतला रिले जोडणी बदलतोय, एवढाच त्याचा अर्थ. दिवसभर हे चालू असेल तर विजेची तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते.

हाच आवाज कॅबिनेटमधल्या हार्ड डिस्कमधून आला तर गोष्ट गंभीर आहे. बहुतेक डेस्कटॉपमधली डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि तिचं वाचणारं टोक चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. त्याला माहिती सापडली नाही की ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. 'टक टक' ऐकू येतं ते याचमुळे. कॉम्प्युटर बंद करताना एकदाच 'टक' झालं तर ते नेहमीचंच आहे.

फाइल अजून उघडत असतील तर सगळ्यात महत्त्वाचं आधी पेन ड्राइव्हवर घ्या: ग्राहकांची कागदपत्रं, हिशेब, शाळेचे निकाल. गाणी आणि सिनेमे नंतर. डिस्क दिसतच नसेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, चकतीवर ओरखडे वाढतात. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचे व्हिडिओ फिरत असतात, तो प्रयोग टाळा. ओलसरपणामुळे उरलासुरला डेटाही जाऊ शकतो. कधी कधी दोष सैल वायरचा किंवा कमजोर एसएमपीएसचाही असतो, म्हणून मेकॅनिकला तेही तपासायला सांगा. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती टकटक करत नाही. ती बिघडते तेव्हा आवाजाची सूचनाही मिळत नाही.

चरचर, फट्, जळका वास: लगेच बंद

'चर्र' असा आवाज म्हणजे वीज कुठेतरी हवेतून उडी मारतेय. कारण सैल पिन असेल, जळकी सॉकेट असेल किंवा एसएमपीएसमध्ये साचलेली धूळ. कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत अडकतात, हवा खेळत नाही आणि आतली उष्णता वाढते. कपॅसिटरबाबतचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मग त्याचा माथा फुगतो आणि कधी तो 'फट्' करून फुटतो. पावसाळा सुरू झाला की हीच धूळ ओल धरते आणि विजेला नको तिथून वाट मिळते.

अशा वेळी 'शट डाउन' होण्याची वाट बघू नका. भिंतीवरचा स्विच बंद करा. स्विच किंवा सॉकेटमधूनच आवाज येत असेल तर त्याला हात न लावता मेन स्विच बंद करा. आग दिसली तर पाणी टाकू नका.

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहू शकते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात?

'थोडा करंट येतोच' म्हणून हे सोडून दिलं जातं. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर अगदी थोडी वीज येते आणि ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवी. झिणझिण्या येतात म्हणजे अर्थिंग काम करत नाही. उद्या एसएमपीएसमध्ये बिघाड झाला तर पूर्ण २३० व्होल्ट त्याच पत्र्यावर येऊ शकतात आणि एमसीबी पडणारही नाही.

काळ्या मातीत ही अडचण उन्हाळ्यात वाढते. जमीन भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुटते आणि वीज जमिनीत नीट उतरत नाही. म्हणून मार्चपासूनच अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटला जोडू नये. काही ठिकाणी न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून काम भागवतात. हे फार घातक आहे. न्यूट्रल तुटली तर कॅबिनेटच 'लाइव्ह' होतं. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. माणसाला करंट लागला तर तो क्षणात वीज तोडतो.

मेकॅनिककडे जाण्याआधी

दुकानात नेल्यावर आवाज गायब होणं हा नेहमीचा अनुभव. म्हणून आवाज धोक्याच्या प्रकारातला नसेल तर मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. आवाज कधी सुरू झाला, तेव्हा कोणतं काम चालू होतं, वीज लाइनची होती की इन्व्हर्टरची, हे लिहून ठेवा. तेवढ्यावरून मेकॅनिक नेमका भाग तपासेल आणि चांगला भाग विनाकारण बदलला जाणार नाही.

थोडक्यात, शिट्टी असेल तर काम चालू ठेवा, डिस्क टकटक करत असेल तर आधी बॅकअप घ्या आणि चरचर किंवा जळका वास आला तर वीज तोडा.