मतदानाने गेलेली संसद

२३ मार्च १९३३. बर्लिनच्या राइशस्टागची इमारत महिन्याभरापूर्वीच्या आगीत जळालेली, म्हणून संसदेची बैठक क्रोल संगीतिकागृहात भरलेली. दारात आणि सभागृहाच्या कडेने गणवेशधारी नाझी स्वयंसेवक उभे. ८१ कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात पाऊलही टाकू दिलेले नव्हते. त्या संध्याकाळी ४४४ विरुद्ध ९४ मतांनी अधिकारप्रदान कायदा संमत झाला आणि संसदेला न विचारता, प्रसंगी राज्यघटनेला बाजूला सारून कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला मिळाला. विरोधातील सर्व ९४ मते सोशल डेमोक्रॅट सदस्यांची होती. घटनादुरुस्तीस लागणारे दोन-तृतीयांश बहुमत रीतसर मोजले गेले. अध्यक्षस्थानी गोअरिंग होते आणि गैरहजर सदस्यांना हजर धरण्याची सोय नियमांत आधीच करून ठेवलेली होती. धाक होता, दहशत होती. पण कागदोपत्री सारे नियमानुसार घडले.

राष्ट्रवाद आणि हुकूमशाही यांच्या नात्याची चर्चा आज जगभर नव्याने सुरू आहे. दिल्लीच्या राजकारणात तर हिटलरची उपमा ही सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही आळीपाळीने वापरून गुळगुळीत केलेली शिवी आहे. आणीबाणीत ती इंदिरा गांधींना लावली गेली. पुढेही ती कोणाकोणाच्या वाट्याला आली. अशा उपमेने टाळ्या मिळतात, ज्ञान मिळत नाही. १९३३ च्या जर्मनीत युद्धातील पराभवाची जखम होती, सुमारे ६० लाख बेकार होते आणि पक्षांच्या खासगी फौजा रस्त्यावर लढत होत्या. आजच्या कोणत्याही मोठ्या लोकशाहीची स्थिती हुबेहूब तशी नाही. म्हणून तुलना करायचीच तर ती चेहऱ्यांची करून भागणार नाही, कार्यपद्धतीची करावी लागेल.

त्या दृष्टीने पाहता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की जर्मन संसद हिटलरने रिकामी केली नाही. ती त्याला जवळजवळ रिकामीच मिळाली. १९३० साली राइशस्टागची बैठक ९४ दिवस भरली होती. १९३२ मध्ये ती १३ दिवसांवर आली. १९३० साली संसदेने ९८ कायदे केले, १९३२ मध्ये अवघे ५. उरलेला कारभार घटनेच्या ४८ व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर चालला. हे करणारे ब्रुनिंग आणि त्यांच्यानंतरचे चान्सेलर नाझी नव्हते. संसदेतील भांडणांना कंटाळलेले, स्वतःला कार्यक्षम समजणारे ते प्रशासक होते. संसदेवाचून राज्य चालते, ही सवय देशाला त्यांनी लावली.

दुसरी गोष्ट मतांच्या गणिताची. नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मते होती. जुलै १९३२ मध्ये ती ३७.३ टक्क्यांवर गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३३.१ टक्क्यांपर्यंत उतरली. म्हणजे ओहोटी सुरू झाली असताना सत्तेचे दार उघडले गेले, आणि ते मतदारांनी नव्हे तर फॉन पापेन आदी प्रतिष्ठित परंपरावादी मंडळींनी उघडले. ३० जानेवारी १९३३ च्या मंत्रिमंडळात हिटलरसह तिघेच नाझी होते. वाघ पिंजऱ्यात आहे आणि किल्ली आपल्या हाती आहे, असा या मंडळींचा हिशेब होता. दहा वर्षांपूर्वी इटलीतही असेच घडले होते. सर्वाधिक आणि किमान एक-चतुर्थांश मते मिळवणाऱ्या पक्षाला दोन-तृतीयांश जागा देणारा १९२३ चा कायदा उदारमतवाद्यांच्या संमतीनेच झाला. १९२४ च्या निवडणुकीतील दांडगाई सभागृहात मांडणाऱ्या मात्तेओत्ती या खासदाराचा त्यानंतर थोड्याच दिवसांत खून झाला.

या साऱ्यात राष्ट्रवादाचे काम कोणते? एकोणिसाव्या शतकात मॅझिनीने मांडलेला राष्ट्रवाद राजाकडून सार्वभौमत्व काढून जनतेकडे देऊ पाहत होता. भारतीय स्वातंत्र्यलढ्याचा मुख्य प्रवाह त्याच जातकुळीचा. विसाव्या शतकातील आक्रमक राष्ट्रवादाने ‘जनता’ या शब्दाचीच व्याप्ती आवळली. पराभव सैन्याचा झालेला नाही, घरभेद्यांनी पाठीत खंजीर खुपसला, ही दंतकथा जर्मनीत रुजली आणि तहावर सही करणारे राजकारणी गुन्हेगार ठरले. विरोधक चुकतो आहे असे म्हणणे हे राजकारण आहे. विरोधक या राष्ट्राचाच नव्हे असे म्हणणे हा राजकारणाचा शेवट आहे. त्या टप्प्यानंतर विरोधी बाक रिकामे करणे हे देशकार्य वाटू लागते.

आधुनिक काळात गणवेश गेले, पद्धत उरली. हंगेरीत फिडेस पक्षाला २०१० मध्ये सुमारे ५३ टक्के मतांवर दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना आणि नवा निवडणूक कायदा आला. २०१४ मध्ये सुमारे ४५ टक्के मतांवर पुन्हा दोन-तृतीयांश जागा हाती आल्या. तुर्कस्तानात २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर आणीबाणीच्या वटहुकमांनी एक लाखाहून अधिक सरकारी कर्मचारी बडतर्फ झाले आणि २०१७ मध्ये जेमतेम ५१ टक्क्यांच्या कौलाने अध्यक्षीय पद्धत आली. मात्र हा प्रवास अटळ नसतो. पोलंडमध्ये आठ वर्षे न्यायसंस्थेशी झुंजणारे राष्ट्रवादी सरकार ऑक्टोबर २०२३ मध्ये मतदारांनी पायउतार केले. त्या वेळी मतदान ७४ टक्क्यांच्या घरात गेले होते.

भारताला हा धडा परका नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत आणीबाणीची कलमे चर्चेला आली तेव्हा हरी विष्णू कामत यांनी वायमार घटनेच्या अनुभवाची आठवण देऊन कडाडून विरोध केला होता. सनदी सेवेचा राजीनामा देऊन राजकारणात आलेल्या या सदस्याला कलमांचे सामर्थ्य आतून ठाऊक होते. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांनी राजकारणातील भक्ती ही अधःपतनाची आणि अखेर हुकूमशाहीची वाट ठरते, असे बजावले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीची घोषणा मंत्रिमंडळाला न विचारता निघाली. मंत्र्यांनी दुसऱ्या सकाळी तिला संमती दिली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला अनिवार्य झाला, ‘अंतर्गत अशांतते’ऐवजी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द आले आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित राहिला.

परंतु वायमारचा धडा केवळ आणीबाणीच्या कलमांपुरता नाही, तो रिकाम्या होत जाणाऱ्या सभागृहाचाही आहे. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके संसदीय समित्यांकडे छाननीला गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. याला १९३३ म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. २०२४ च्या निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाला स्पष्ट बहुमत न देऊन मतदाराने आपले अस्तित्व दाखवूनही दिले. तरीही संसदेवाचून चालते, ही सवय कोणत्याही पक्षाच्या राजवटीत लागली तरी तिची जात एकच असते.

शेवटचा प्रश्न कचेऱ्यांत बसणाऱ्यांचा. अधिकारप्रदान कायद्यानंतर पंधराच दिवसांनी, ७ एप्रिल १९३३ रोजी, ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा अधिकाऱ्यांना घालवणारा कायदा जर्मनीत आला. त्याचे नाव ‘व्यावसायिक सनदी सेवेची पुनःस्थापना’ असे भारदस्त होते. ऑगस्ट १९३४ पासून उरलेल्या अधिकाऱ्यांना घटनेऐवजी हिटलरच्या नावाने निष्ठेची शपथ घ्यावी लागली. बहुसंख्यांनी ती घेतली; घरसंसार, बढती आणि निवृत्तिवेतन यांचा विचार कोणत्याही देशात सारखाच असतो.

भारतात एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत बंदीला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. पाचपैकी एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी भिन्न मत लिहिले आणि त्याची किंमत सरन्यायाधीशपद गमावून मोजली. बहुमताच्या बाजूला न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना १९७६ चा निर्णय चुकीचा ठरवला; तसे नमूद करणारे निकालपत्र लिहिले ते त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. खन्नांचे एकाकी टिपण ४१ वर्षे दप्तरात थांबले होते. सभागृहातील ९४ मतांप्रमाणे तेही त्या दिवशी हरले होते. पण लिहून ठेवलेले होते, म्हणून पुढच्या पिढीला दुरुस्ती करताना हाताशी सापडले. मंत्रालयाच्या फाईलवर आपली असहमती दोन ओळींत नोंदवावी की न नोंदवावी, या विचारात थबकणाऱ्या अधिकाऱ्याला यापेक्षा वेगळे उत्तर इतिहासाकडून मिळण्यासारखे नाही.