अवघड कीं सुंदर? अमेरिकेंतील नगारा-पथकांचा एक जुना वाद

आपल्यांपैकीं पुष्कळ घरांतील मुलें-नातवंडें आतां अमेरिकेंत राहतात. तिकडील शाळांत गणित-व्याकरणाच्या बरोबरीनें बँडहि शिकवितात, हें त्यांच्याकडून वाचकांनीं ऐकिलें असेल. या शालेय बँडच्याच कुळांतील, परंतु शिस्त, वेग आणि परिश्रम यांत त्याच्या फार पुढें गेलेली अशी एक कला तेथें आहे. तिला 'ड्रम कोअर' म्हणतात. आपल्या भाषेंत नगारा-पथक म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. बासरी, क्लॅरिनेट वगैरे वाद्यांस येथें मज्जाव. केवळ पितळी तुताऱ्या, नगारे, आणि निशाणें व लांकडी बंदुका फिरवीत नाचणारा एक ताफा, एवढाच सरंजाम. एकवीस-बावीस वर्षांच्या आंतील दीडशेंच्या आसपास मुलें-मुली फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटें वाजवीत, धांवत, आकृत्या रचीत जातात. आणि त्या अकरा-बारा मिनिटांसाठीं सबंध उन्हाळा खर्चीं घालतात. दिवसां सराव, रात्रीं मोटारीनें पुढचें गांव, आणि निजावयास एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेची जमीन, असा हा वनवास असतो.

या पथकांना जे रसिक लाभले आहेत ते आपल्याकडील नाट्यवेड्या मंडळींच्या पंक्तीस बसण्याजोगे आहेत. तीस-चाळीस वर्षांपूर्वींचा एखादा प्रयोग किती दशांशानें हरला, हें त्यांस मुखोद्गत असतें. आणि त्यांचा एक वाद कधींच मिटत नाहीं : प्रयोगाची रचना श्रेष्ठ कीं त्याचें काठिण्य? पुन्हां काठिण्य म्हणजे तरी काय, आणि तें मोजावयाचें कोणीं? वरवर पाहतां हा पोरखेळ वाटेल. परंतु ज्यांनीं जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या त्यांस तो तसा वाटणार नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर 'अमेरिकन लीजन' आदिकरून माजी सैनिकांच्या संघटनांनीं हीं पथकें वाढविलीं. साहजिकच परीक्षेची रीतहि लष्करी होती. परीक्षक हातांत कागद घेऊन वाजविणाऱ्यांच्या रांगांतून हिंडत आणि चूक आढळली कीं एक खूण करीत. प्रत्येक खुणेस एक दशांश गुण वजा. या खुणेला 'टिक' म्हणत. 1971 सालीं पथकांच्या चालकांनीं एकत्र येऊन 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही स्वतःची संस्था काढिली. पुढच्याच वर्षीं विस्कॉन्सिन संस्थानांतील व्हाइटवॉटर या गांवीं तिची पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा झाली व ती 'अनाहाइम किंग्जमेन' या पथकानें जिंकिली. संस्था नवी झाली, पण टिकची रीत 1983 पर्यंत कायम राहिली.

चूक मोजून गुण कापण्यांत न्याय दिसतो, पण तो अर्धाच. शुद्धलेखनाच्या प्रत्येक चुकीस गुण जाणार हें एकदां कळलें कीं हुशार विद्यार्थी निबंधांत 'अनिर्वचनीय' हा शब्द लिहीतच नाहीं. 'छान' लिहून मोकळा होतो. पथकांचेंहि तेंच झालें. हजार स्वर वाजविणाऱ्यास हजार ठिकाणीं घसरण्याची भीति, शंभर वाजविणाऱ्यास शंभर! 1984 पासून ही रीत उलटी केली. गुण वजा करीत खालीं यावयाचें नाहीं, तर देत देत वर चढावयाचें. आणि देतांना 'काय वाजविलें' व 'कसें वाजविलें' हे दोन प्रश्न निरनिराळे विचारावयाचे. हल्लीं शंभरांपैकीं चाळीस गुण एकंदर परिणामाला, तीस दृश्याला आणि तीस संगीताला असतात.

मौज अशी कीं न्यू जर्सींतील 'गारफिल्ड कॅडेट्स' या पथकानें टिकच्या अखेरच्या वर्षींच, म्हणजे 1983 सालीं, जुनी कवाईत मोडून टाकिली होती. मैदानाच्या उजव्या-डाव्या बाजू आरशांतल्यासारख्या सारख्या दिसाव्या असा पूर्वींचा दंडक होता. जॉर्ज झिंगाली या रचनाकारानें तो सोडला. रांगा ताणल्या, वळविल्या, एका आकृतींतून दुसरी उमलेल अशा चालविल्या. चुकण्याचा धोका उघड होता. तरीहि तें पथक त्या वर्षीं पहिलें आलें, आणि 1984 व 1985 सालींहि आलें. धैर्य आधीं आलें, नियम मागून.

आतां काठिण्य कोठें असतें तें पाहूं. आपल्या तबल्यास जसे बोल, तसे त्यांच्या नगाऱ्यास 'रुडिमेंट'. जुन्या यादींत ते 26 होते. 1984 सालीं 'पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी'नें 40 रुडिमेंटांची यादी प्रसिद्ध केली. त्यांतील 'पॅराडिडल' हा बोल असा : उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. एकट्यानें बसविणें म्हणजे थोड्या दिवसांची मेहनत. परंतु आठ-दहा जणांनीं तो असा वाजवावयाचा कीं एकाच हाताची काठी पडते आहे असा भास व्हावा, आणि सर्वांच्या काठ्या सारख्याच उंच उठाव्या. आपल्या मिरवणुकींत ताशाची एखादी काडी मागेंपुढें झाली तर कोणी पाहत नाहीं. तेथें ती तत्काळ उघडी पडते. मोठ्या ढोलांचा प्रकार तर याहून चमत्कारिक. पांच जणांच्या गळ्यांत पांच निरनिराळ्या स्वरांचे ढोल असतात, आणि एकच धांवती ओळ पांचांत वांटून दिलेली असते. प्रत्येकानें आपापलें अक्षर म्हणावयाचें, आणि ऐकणाऱ्यास शब्द मात्र अखंड ऐकूं यावा!

परंतु सर्वांत मोठा शत्रु म्हणजे मैदानच. तें सुमारें 110 मीटर लांब व 49 मीटर रुंद असतें. ध्वनि सेकंदास सुमारें 340 मीटर जातो. लय मिनिटास 180 मात्रांची धरिली, तर एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाची, आणि पाव मात्रा बाराव्या हिश्शाची. तेवढ्या वेळांत ध्वनि जेमतेम 28 मीटर चालतो. अर्थात् 28 मीटर अंतरावर उभा असलेला वादक दुसऱ्याचें ऐकून त्याच्या मागोमाग वाजवूं लागला, तर तो आवाज परत पहिल्यापाशीं पोंचेपर्यंत अर्धी मात्रा उलटून गेलेली असते. यास्तव प्रेक्षकांकडे असलेल्यांनीं मागच्या नगाऱ्यांचा आवाज येईल तसा त्यांत मिसळावयाचें. आणि मागच्यांनीं पुढचा आवाज कानीं पडला तरी मन घट्ट करून आपली लय सोडावयाची नाहीं. स्वतःच्या कानांवर अविश्वास ठेवण्याचें हें शिक्षण आहे. त्यांत पुन्हां पावलें मोजावयाचीं. पांच यार्डांत आठ पावलें हें नेहमींचें माप. त्याहून लांब टांगा टाकाव्या लागल्या कीं श्वास तुटतो व तुतारीचा स्वर कांपूं लागतो.

येथेंच रसिकांचे पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, वाजविणें आणि धांवणें हीं एकाच वेळीं झालीं तरच तें काठिण्य. अवघड तान उभ्यानें वाजवावयाची आणि धांवतांना एखादा लांब सोपा स्वर धरून ठेवावयाचा, ही चलाखी होय. तीस गुण कसले? दुसरा पक्ष उत्तर देतो कीं ही चलाखी नव्हे, हीच रचना. जेथें कानांस मेजवानी आहे तेथें डोळ्यांस विसांवा द्यावा, आणि डोळे गुंतले असतां कानांस. कॅलिफोर्नियांतील 'ब्लू डेव्हिल्स' या पथकावर पहिल्या पक्षाचा विशेष राग. 2010 सालीं त्यानें स्टॅन केंटन या जॅझ-वादकाचें संगीत घेऊन, मैदानावर आरसे मांडून प्रयोग केला. प्रयोग पहिला आला, पण पुष्कळ प्रेक्षक 'उमजलें नाहीं' असें म्हणत घरीं गेले. 2014 सालीं इटालियन चित्रपटकार फेलिनी याच्यावर बेतलेल्या प्रयोगास त्याच पथकाला 99.65 गुण मिळाले. इतके गुण त्यापूर्वीं कोणासहि मिळाले नव्हते. 1976 पासून 2023 पर्यंत त्यानें 21 वेळां अजिंक्यपद मिळविलें आहे. रागावणारे रागावत राहिले.

मला स्वतःला दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक ग्राह्य वाटतें, आणि त्याचें कारण आपल्या साहित्यशास्त्रांत आहे. भारवीनें 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या सर्गांत केवळ 'न' या व्यंजनावर एक श्लोक उभा केला आहे. माघानें 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गांत अक्षरांचे चौकोन आणि चक्रें मांडिलीं आहेत. याहून अवघड काय असणार? तरी मम्मटानें चित्रकाव्यास सर्वांत खालची पायरी दिली. भारवीचें नांव आज निघतें तें त्याच्या अर्थगौरवासाठीं, त्या नकारांच्या रांगेसाठीं नव्हे. मात्र पहिल्या पक्षाची एक गोष्ट मीं कधींच खोडणार नाहीं : सोपें असून अवघड असल्याचा आव आणणें हें अवघड असण्याहून वाईट.

2008 सालीं या दोन्ही पक्षांची गांठ एकाच रात्रीं पडली. इलिनॉयमधील 'फँटम रेजिमेंट' या पथकानें रोमन गुलामांच्या बंडाचा नायक स्पार्टाकस याची कथा मैदानावर साभिनय सांगितली. कोण मालक, कोण गुलाम, कोण कोणास मारतो, हें अगदीं वरच्या बाकावरील मुलासहि कळत होतें. ब्लू डेव्हिल्सचें पथक त्यांच्यापुढें चाललें होतें. अंतिम फेरींत मात्र फँटमला 98.125 आणि ब्लू डेव्हिल्सला 98.100 गुण मिळाले. शंभरांत एका गुणाचा चाळिसावा हिस्सा! त्या दिवशीं प्रेक्षकांचा आणि परीक्षकांचा कौल एक झाला म्हणून लोक अजून त्या रात्रीची आठवण काढतात; नेहमीं तसें होत नाहीं हेंच त्यावरून दिसतें.

वाद्यांविषयींचा तंटा मीं थोडक्यांत आटोपतों. पूर्वीं 'जी' स्वराचें एका पडद्याचें बिगुल असे. 1977 सालीं दोन पडदे झाले, 1990 सालीं तीन, आणि 2000 सालीं कोणत्याहि स्वराचें पितळी वाद्य चालूं लागलें. 2004 सालीं मायक्रोफोन आला व 2009 सालीं विजेवर चालणारीं वाद्यें. प्रत्येक पायरीस 'आतां कला बुडाली' अशी ओरड झाली. पडद्यांविषयींची ओरड व्यर्थ होती. विजेविषयींची तितकीशी नाहीं. कारण ऐंशीं तुताऱ्यांच्या खालीं यंत्राचा घुमणारा खर्ज सोडला, तर तो भरघोस स्वर मुलांच्या छातींतला किती आणि यंत्रांतला किती, हें परीक्षकानें सांगावें कसें? काठिण्याचें मोजमाप करावयाचें तर निदान तें कोणाचें आहे हें तरी कळलें पाहिजे.

राहतां राहिला 1993 सालचा प्रसंग. तो सांगितल्यावांचून या वादाची धार वाचकांस कळणार नाहीं. बिल कुक या इंडियाना संस्थानांतील धनाढ्य उद्योजकानें 'स्टार ऑफ इंडियाना' हें पथक उभारलें. 1985 सालच्या आपल्या पहिल्याच स्पर्धेंत तें दहावें आलें आणि 1991 सालीं पहिलें. पैशाच्या बळावर यश घेतलें, ही कुजबुज तेव्हांपासूनच होती. 1993 सालीं या पथकानें बार्बर व बार्टोक या विसाव्या शतकांतील दोन संगीतकारांच्या रचना घेतल्या. मीडिया या ग्रीक स्त्रीच्या सूडाचें संगीत. त्यांत गुणगुणण्याजोगी चाल नाहीं, टाळी पडावी अशी जागा नाहीं. टोकदार, थंड, काटेकोर हालचाली. सबंध प्रयोग एकाच ताणाखालीं. वाजविण्यास व चालण्यास तो अत्यंत कठीण होता, हें विरोधकहि मान्य करीत. तरी त्या उन्हाळ्यांत कांहीं प्रेक्षकांनीं त्यांची हुर्यो केली. मिसिसिपींतील जॅक्सन येथें अंतिम स्पर्धा झाली. कॅडेट्सना 97.4 आणि स्टारला 97.3 गुण पडले.

संगीत आवडलें नाहीं तर टाळी न वाजविण्याचा हक्क तिकीट घेणाऱ्यास आहेच. परंतु हुर्यो कोणाची झाली? रचना करणारे पोक्त गृहस्थ कडेला उभे होते. मैदानावर होतीं तीं सतरा-अठरा-वीस वर्षांचीं मुलें. त्यांनीं संगीत निवडलें नव्हतें. उन्हांत रापून, जमिनीवर निजून, त्यांनीं तें बिनचूक बसविलें होतें एवढेंच. आज तर अशा पथकांतील एका मुलाच्या एका उन्हाळ्यास कित्येक हजार डॉलर पडतात, आणि ते बहुधा घरच्यांनींच भरलेले असतात. रचनाकाराशीं असलेलें भांडण मुलाच्या तोंडावर भांडणें हें मला तरी रसिकतेचें लक्षण वाटत नाहीं; दहा मिनिटें गप्प बसून दाद नाकारणें त्याहून अधिक बोलकें झालें असतें.

त्यानंतर स्टार पुन्हां स्पर्धेंत उतरला नाहीं. त्या मंडळींनीं रंगभूमीची वाट धरिली. त्यांतून 'ब्लास्ट' हा प्रयोग निघाला, 1999 सालीं लंडनास आणि 2001 सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला, व त्याच वर्षीं त्यास टोनी पारितोषिक मिळालें. तिकीट काढून आलेल्या परक्या प्रेक्षकांनीं त्याच कवाइतीस व त्याच नगाऱ्यांस डोक्यावर घेतलें. 1934 सालीं स्थापन झालेलें कॅडेट्सचें पथकहि न्यायालयीन दाव्याच्या ओझ्याखालीं 2024 सालीं बंद पडलें. जॅक्सनच्या त्या रात्रींचीं पहिलीं दोन्ही पथकें आज मैदानावर नाहींत. रसिक मात्र दोन्ही प्रयोगांच्या चित्रफिती शेजारीं-शेजारीं लावून तो एक दशांश गुण बरोबर होता कीं नाहीं, याची अजून चर्चा करीत असतात.