देवगांडुळाला चष्मा नको

अंकलिपीत ‘ज’ जिराफाचा आणि ‘झ’ झेब्र्याचा. दोघेही आफ्रिकेचे, पण मुलांना ते बिनचूक ओळखता येतात. मुलांच्या या क्षमतेचा पुरावा २००२ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला. अँड्र्यू बाल्मफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना चित्रांची कार्डे दाखवली. काहींवर तिथले खरे जीव, काहींवर पोकेमॉन हे काल्पनिक जीव. आठ वर्षांच्या मुलांनी सुमारे ऐंशी टक्के पोकेमॉन ओळखले, खरे जीव मात्र जेमतेम निम्मे. यावरून मुलांच्या नावाने बोटे मोडण्याची आपल्याला भारी हौस. पण विचित्र जीवांची ढीगभर नावे मुले सहज पचवतात, हेही त्याच आकड्यांतून दिसते. मग त्यांच्यापुढे सह्याद्रीतले देवगांडूळ का ठेवू नये?

हा प्राणी गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे, हा बेडकाचा बिनपायांचा नातलग. बहुतेक आयुष्य ओल्या मातीत जाते, म्हणून डोळे नावापुरते. पण डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक इवलीशी स्पर्शिका असते, तिने तो वास घेत, चाचपत पुढे सरकतो. काही जातींची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून पहारा देते. पावसाळ्यात चुकून वर आला, की साप समजून ठेचला जातो. फोटो हवेत, चित्रे कशाला, असे कुणी म्हणेल. पण फोटोत सहसा दिसतो तो बाहेर काढलेला, चिखलाने माखलेला दोरीसारखा तुकडा. जमिनीचा उभा छेद, त्यातले बीळ, वेटोळे आणि अंडी एकाच पानावर दाखवणे हे चित्रकाराचेच काम.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लहान मुलांना गोष्ट लागते, तेव्हा देवगांडुळाला चष्मा घालून बोलके केले तर बिघडले कुठे? पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर हेच तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. अनोळखी प्राण्याचे वर्णन माणसासारखे केले, की मुले त्याला माणसाचेच गुण चिकटवतात, आणि अशा पुस्तकांतून धाकटी मुले नवी माहितीही कमी शिकतात. पंचतंत्राला यात ओढण्याचे कारण नाही, तिथला कोल्हा राजनीती शिकवायला उभा आहे. माहितीच्या पुस्तकाचे काम निराळे. शिवाय गोष्टीला लागणारे नाट्य इथे आयते आहे: अंधार, शत्रू, अंड्यांवर बसलेली आई. देवगांडुळाच्या जाती ओळखताना अंगावरच्या वळ्या मोजतात; म्हणून चित्रकाराने त्या अंदाजाने न ओढता अभ्यासकाकडून तपासून घ्याव्यात, आणि शेजारी खऱ्या लांबीची एक रेघ छापावी.