पाणचक्की : पाण्याने उचललेले दळण

जळगावकडून अजिंठ्याच्या वाटेने छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, जाणारे पुष्कळ प्रवासी पाणचक्की पाहतात, हौदाकाठी घटकाभर विसावतात आणि परततात. परंतु ही मुळात पिठाची गिरणी, हे ध्यानात ठेवून पाहिले तरच तिचे मोल कळते.

खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा आहे. अठराव्या शतकात तेथे ही चक्की फिरू लागली. नदी पायथ्याशी असता पाणी दुरून का आणले, असे कोणी विचारील. चक्कीला पाणी उंचावरून आणि सतत पडावे लागते. उन्हाळ्यात रोडावणाऱ्या नदीकडून ते कसे मिळावे? म्हणून डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणले. बंद नळातले पाणी उगमाच्या पातळीपर्यंत चढू पाहते. त्या बळावर ते उंच भिंतीवर चढवून खाली सोडले. झोत आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतो आणि चाकाचा उभा दांडा वरचा दगड फिरवितो. पुढचा लांबट हौद सुमारे १६४ फूट लांब व ३१ फूट रुंद आहे. त्याचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छप्पर. एवढा भार जाडजूड खांबांनी पेलला आहे.

पांझराकाठच्या शेतकऱ्याला हे शास्त्र परके नाही. फड पद्धतीतही बंधाऱ्याचे पाणी उताराच्या हिशेबानेच पाटातून शेतात जाते, आणि पाटाची राखण सारे मिळून करतात.

घरोघर पहाटे बायका जात्यावर जे कष्ट उपशीत, ते येथे पाण्याने उचलले, आणि पीठ फकीर व वाटसरूंच्या मुखी गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात जळगावात वाफेवरची कापडगिरणी आली. यंत्र मोठे झाले; पण दिवसाचे तास आणि मजुरी यांसाठी कामगाराला झगडावे लागले. दोष यंत्राचा नव्हे. यंत्राने वाचविलेले श्रम कोणाच्या पदरात पडतात, हा खरा प्रश्न आहे.

नहर बांधविणाऱ्या सरदारांची नावे इतिहासाने राखली. नळ भाजणारे कुंभार, गाळ उपसणारे मजूर आणि दगडाला टाकी लावणारे कारागीर मात्र निनावी राहिले. शहर वाढले तशी जुन्या नहरींवर बांधकामे झाली. नुसती चक्की रंगवून वारसा टिकत नाही. नहर राखली पाहिजे, कारण त्या निनावी हातांचे काम तिच्यातच आहे.